ध्रुवावर न गेलेलं खोपट

१२ नोव्हेंबर २०१०, शुक्रवार
बी.पी. १४२/८८

लेकाने, केदारने, ही वही दिलीय ती रोज बी.पी. लिहायला. नुसते आकडे लिहायला मी काय शिकाऊ नर्स आहे? छत्तीस वर्षं जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात काढली, त्यातली अकरा मेट्रन म्हणून. पेशंटचा आकडा का चढला हेही लिहावं लागतं.

तर आज का चढला: शर्वाणीच्या स्वयंपाकघरातली कपाटं लावली म्हणून. (इथे परदेशात कपाटाला प्रेस म्हणतात.) हळदीशेजारी बेकिंग पावडर ठेवलेली! सून घरून केक करून विकते आणि कशाचा कशाला पत्ता नाही. सगळे डबे उतरवले, पुसले, वर लेबलं लावली. संध्याकाळी ती बराच वेळ कपाटासमोर नुसती उभी होती. मग गोड आवाजात म्हणाली, "आई, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची गावाला फार गरज आहे." इथून दीड मैलावर कसलंसं जुनं खोपट जपून ठेवलंय, ते दाखवायला माणूस हवाय म्हणे. तिने आधीच फोन करून ठेवला होता. केदारही लगेच हो म्हणाला. पोरांना माझी किंमत आहे हो.

१६ नोव्हेंबर, मंगळवार
बी.पी. १३४/८४

खोपट पाहिलं. खोपट कसलं, लाकडी खोली आहे, गवताच्या मळ्यात एकटी. मळ्याच्या एका अंगाला बिल्डरने अर्धवट सोडलेली घरं, दुसऱ्या अंगाला गाव. सांभाळणारे गृहस्थ मिस्टर डिलेनी, वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झाली. छातीत घरघर आहे, ते मी दारातच ओळखलं. मी मेट्रन होते म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली, आणि तेव्हापासून मला मेट्रनच म्हणतात. माणूस सभ्य आहे.

इतिहास सांगितला त्यांनी. १९१० साली इथले जमीनदार कॅप्टन हॅनलन यांना दक्षिण ध्रुवावर जायचं होतं. जायच्या आधी सराव पाहिजे म्हणून ध्रुवावर नेण्याचं घर आधी स्वतःच्याच मळ्यात उभं केलं आणि सहा माणसं घेऊन हिवाळाभर आत राहिले. नियम असा की आपण ध्रुवावर आहोत असं समजायचं. ध्रुवावर गाव नसतं, म्हणून गावात जायचं नाही. पत्रं येत नाहीत, म्हणून घ्यायची नाहीत. गाव अर्ध्या मैलावर! कुणाची आई रस्त्यावरून हाक मारायची तर ओ द्यायची नाही, कारण ध्रुवावर आई नसते. डिलेनींचे आजोबा आचारी होते. त्यांना खिडकीतून स्वतःच्या घराचं धुराडं दिसायचं. ते त्यांनी मोहिमेच्या नोंदीत 'दूरवर धुमसणारा पर्वत' म्हणून लिहिलं.

जानेवारीत जहाजाची व्यवस्था फिसकटली. पण पत्रं घ्यायची नाहीत, तर आतल्यांना कळणार कसं? बिचारे मार्चपर्यंत तसेच बसून राहिले. एकशे त्रेचाळीस दिवस! बाहेर आल्यावर कॅप्टनने आहे तसं कुलूप लावलं आणि पुढच्या वर्षी जाऊ म्हणाला. असं म्हणतम्हणत महायुद्ध आलं, त्यात तोही गेला. कुलूप लागल्यापासून डिलेनींच्या घराण्याने नव्व्याण्णव वर्षं आतला चमचासुद्धा हलवलेला नाही.

मी म्हटलं, "म्हणजे ही माणसं कुठेच गेली नाहीत?"

डिलेनी म्हणाले, "पण फार चिकाटीने गेली नाहीत."

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मला हसू आवरेना, म्हणून खोकल्यासारखं केलं.

आत मात्र बघवत नाही. छत काजळीने काळंकुट्ट. खाटा विस्कटलेल्या, दोरीवर मोजे, टेबलावर अर्धं खाल्लेलं ताट तसंच. शंभर वर्षांचं खरकटं! अशा घरात लक्ष्मी कशी थांबेल? नाहीच थांबली, जहाज गेलंच ना हातचं.

२३ नोव्हेंबर, मंगळवार
बी.पी. १३०/८२

आठवड्याभरात पाहुणे चार. त्यातल्या एकाला फक्त संडास कुठे आहे ते हवं होतं. पण मला तिथे बरं वाटतं. डिलेनी किटलीतून चहा आणतात, मी लाडू नेते. ते बायकोबद्दल बोलतात, मी ह्यांच्याबद्दल बोलते. घरी नात ईशा शाळेत, केदार डॉक्टर, तो पोर्टलीशच्या हॉस्पिटलात, आणि शर्वाणी म्हणते, "आई, तुम्ही बसा हो."

आज मात्र डिलेनींचा चेहरा उतरलेला. मळा विकला गेलाय. नव्या मालकाला तिथे गाड्या लावायची जागा करायचीय. खोपट वाचवायचा एकच मार्ग: सतरा डिसेंबरला वरच्या ऑफिसातून तपासणीसाहेब येणार, त्याने 'जपण्यायोग्य' म्हणून सही केली तर राहील, नाही तर जानेवारीत जेसीबी. डिलेनी म्हणाले, "माझ्या हातात दुसरं काही नाही, मेट्रन. मी आयुष्यभर एवढं एकच केलं."

मला गलबलून आलं. तपासणी म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारतं ते यांना ठाऊक नाही. आमच्याकडे सिव्हिल सर्जन यायचे त्याच्या आदल्या दिवशी मी अख्खा वॉर्ड अंघोळ घालून उभा करायची. एकदाही शेरा पडला नाही. पडू देणार नाही इथेही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार
बी.पी. १२६/८० (कष्ट केले की माझं बी.पी. उतरतं, हे केदारला पटत नाही.)

देवच पाठीशी आहे. डिलेनींना छातीच्या एक्स-रेसाठी जायचं होतं, केदारनेच तारीख लावून दिली. किल्ली माझ्याकडे. उद्यापर्यंत येणार नाहीत. म्हटलं, म्हाताऱ्याला चकित करू.

पदर खोचला. वॉशिंग सोडा, व्हिनेगर, गरम पाण्याच्या सहा बादल्या. केदारला सुट्टी होती, त्याने सामान सोडलं, गाडीतून उतरलाही नाही. छत घासलं. नव्व्याण्णव वर्षांची काजळी म्हणजे काय चेष्टा आहे? पण खाली काय सुंदर पिवळं लाकूड निघालं! खरकटं ताट घासलं. बिस्किटं कावळ्यांना घातली, कावळ्यांनी चोच मारून सोडून दिली. डब्यातली चरबी खड्ड्यात पुरली. मोजे भिजवले तर एक मोजा बादलीतच विरघळला, माल हलका.

२७ नोव्हेंबर, शनिवार
बी.पी. १२४/८०

काम फत्ते. पितळी कंदील चिंचेने घासला, तोंड बघून घ्यावं असा. चादरी धुऊन, इस्त्री करून सातही खाटा इस्पितळात खोचतात तसे कोपरे खोचून लावल्या. आचाऱ्याच्या खाटेजवळच्या फळीवर कुणीतरी पेन्सिलीने रेघोट्या मारून ठेवल्या होत्या, खाली काही गिचमीड. आमच्या वॉर्डातही नातेवाईक असेच भिंती खराब करायचे. तीनदा सोडा लावला तेव्हा गेल्या. उंबऱ्यावर रांगोळी काढली, ठिपक्यांची, अकरा ते सहा.

चार वाजता डिलेनी आले. बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. ते दारात थांबले. मग आत आले. छताकडे बघितलं, खाटांकडे बघितलं, फळीकडे बघितलं. मग पायरीवर जाऊन बसले, अगदी रांगोळीवरच, आणि टोपी काढून हातात धरली.

"ग्रँड," म्हणाले. "इट्स ग्रँड, मेट्रन." तीनदा म्हणाले.

डोळ्यांत पाणी आलं हो बिचाऱ्याच्या. आयुष्यात कुणी एवढं केलं नसेल त्याच्यासाठी. चहासुद्धा न पिता गेले, इतके भारावले होते.

२८ नोव्हेंबर, रविवार

जेवताना सगळं रंगवून सांगितलं. केदारचा घास हातातच राहिला. शर्वाणीने कपाळाला हात लावला. ईशाला मराठी सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की इंग्रजीच. नऊ वर्षांची पोर म्हणाली, "आजी, ते डर्टी होतं, दॅट वॉज द होल पॉइंट!"

मग तिने मला समजावलं. लोकांना ती काजळीच बघायची असते. ते ताट, ते मोजे, तशीच विस्कटलेली खाट. माणसं आत्ताच उठून गेली असं वाटायला पाहिजे.

मी म्हटलं, "आणि फळीवरच्या रेघोट्या?"

ती तिच्या वर्गाबरोबर तिथे जाऊन आली होती. डिलेनींच्या आजोबांनी रोजची एक रेघ मारली होती. एकशे त्रेचाळीस. खाली लिहिलं होतं, 'अजून इथेच आहोत'.

बी.पी. घेतलं नाही. घ्यायची हिंमत नाही.

३० नोव्हेंबर, मंगळवार
बी.पी. १७२/१०४

खोपटावर गेले नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. केदारने गोळी वाढवली. गोळीने काय होणार आहे?

४ डिसेंबर, शनिवार
बी.पी. १६०/९८

बर्फ गुडघाभर. नळ गोठलेत. तरी केदारला घेऊन डिलेनींच्या घरी गेले. या सुलक्षणा भिडे मेट्रननी आजवर कुणाची माफी मागितली नव्हती, सिव्हिल सर्जनचीसुद्धा नाही. आज मागितली. म्हटलं, "मी तुमच्या आजोबांचं अक्षर पुसलं. मला कळलं नाही. मला क्षमा करा." आणि रडले. लपवायचं काय त्यात.

डिलेनी बराच वेळ चहा ढवळत राहिले. त्यांच्या चहात साखर नव्हती.

मग म्हणाले, "तो काही फार मोठा लेखक नव्हता, मेट्रन."

त्याने तर मला जास्तच रडू आलं.

९ डिसेंबर, गुरुवार
बी.पी. १५०/९२

घाण गेली ती घाण परत आणता येईल, असा विचार केला. काजळ धरायला मला आईने शिकवलंय. तेलाची पणती, वर पालथी थाळी, थाळीला लोण्यासारखी काजळी धरते. तीन दिवस घरी अकरा पणत्या लावून बसले. शर्वाणीचा धुराचा भोंगा चारदा वाजला. ती एका शब्दाने बोलली नाही, उलट स्वतःचा पावडर लावायचा स्पंज आणून दिला. पोर चांगली आहे. डबे मी उगाच हलवले तिचे.

आज स्टुलावर चढून छताला काजळ लावत होते. सकाळपासून हातभर जागा झाली असेल. तेवढ्यात डिलेनी आले. वर बघितलं. माझं नाक, हनुवटी, साडीवरचा स्वेटर, सगळं काळं. ते हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, खाटेवर बसावं लागलं.

मग शांतपणे म्हणाले, "उतरा खाली. घाण आहे खरी, पण त्यांची नाही."

मी उतरले. ते म्हणाले ते खरं होतं. पेशंटचा ताप उतरला तर मी तक्त्यावर खोटा ताप कधी लिहिला नव्हता. ठरलं, तपासणीसाहेबांना खरं काय ते मीच सांगणार. डिलेनी म्हणाले, "बघू."

१८ डिसेंबर, शनिवार
बी.पी. १३६/८४

कालपासून काय काय झालं ते विसरायच्या आत लिहून काढते.

तपासणीसाहेब मिस्टर फिनुकेन राजधानीजवळच्या डून लेरीहून आले. वय पस्तीस असेल, हातात फायली, पायात शहरी पातळ बूट. टॅक्सीवाल्याने फाटकापाशी उतरवलं आणि बर्फ बघून पळ काढला. आत येऊन दहा मिनिटं होतात न होतात तोच बाहेर असं काही बर्फाचं वादळ सुटलं की फाटकच दिसेना. केदारला फोन केला. तो ड्यूटीवर होता, म्हणाला, "आई, रस्ते बंद आहेत. कुणी हलू नका. सकाळी ट्रॅक्टर पाठवतो." फिनुकेन म्हणाले, "गाव तर अर्ध्याच मैलावर आहे, मी चालत जातो." मी त्यांच्या बुटांकडे बघितलं, डिलेनींच्या छातीकडे बघितलं आणि दारात उभी राहिले. म्हटलं, "माझ्या वॉर्डातून डिस्चार्ज मी देते." दोघेही बसले.

तपासणी सुरू झाली. साहेबांनी छतावर बोट फिरवून बोटाकडे बघितलं. "हे स्वच्छ आहे," म्हणाले. आयुष्यात हे वाक्य मला पहिल्यांदाच शिवीसारखं लागलं.

मी तोंड उघडणार, तोच डिलेनी म्हणाले, "मी केलं. वय झालं, भान राहत नाही."

मी म्हटलं, "खोटं बोलतायत. मी केलं. वॉशिंग सोड्याने."

"व्हिनेगरने," डिलेनी म्हणाले. "मी."

"व्हिनेगर काचांना वापरलं, एवढंसुद्धा यांना माहीत नाही! कंदील कशाने घासला, विचारा त्यांना."

साहेबांनी विचारलं. डिलेनींना चिंच कुठून माहीत असणार? मी चिंचेचं सगळं सांगितलं. फळीचंही सांगितलं. साहेबांनी दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, आतलं मूळ काहीच उरलं नाही, आता सही करणं कठीण आहे. डिलेनी नुसते मान हलवत राहिले.

तीन वाजेपर्यंत साहेबांचे ओठ निळे पडले. कोपऱ्यात ती जुनी शेगडी होती आणि डिलेनींकडे पोतंभर पीट, म्हणजे इथे शेतात खणून वाळवतात ती जळाऊ माती. मी म्हटलं, पेटवा. साहेब म्हणाले, जपलेल्या वास्तूत जाळ करायला सक्त मनाई आहे, नियम चौदा. साडेतीनला त्यांचे दात वाजायला लागले. पावणेचारला म्हणाले, "पण सही अजून झालेली नाही. तोवर हे कायद्याने साधं शेडच आहे. पेटवा."

डिलेनींनी काडी लावली. धुराडं नव्व्याण्णव वर्षांत कुणी साफ केलं नव्हतं. माझ्याकडूनच राहिलं, तेवढ्यात बर्फ सुरू झालं म्हणून. आत पक्ष्यांची घरटीच्या घरटी. सगळा धूर आत. दार उघडून तिघं बाहेर बर्फात उभे राहिलो, साहेब फायलीने वारा घालतायत. मग धप्पकन घरटी खाली आली आणि शेगडी भडकली. आत जाऊन बघते तर छत, भिंती, खाटा, सगळं काळं ठिक्कर. माझे दोन दिवसांचे कष्ट दहा मिनिटांत पाण्यात! आणि काय सांगू, मला आनंद झाला. तपासणीच्या दिवशी, तपासणीसाहेबांसमोर, घाण बघून आनंद झाला.

माझ्या डब्यात मेथीची थालीपिठं होती. शेगडीवर गरम केली. साहेबांनी लसणाची चटणी चमच्याने खाल्ली, मी नको म्हणत असताना. त्यांना उचकी लागली ती सात वाजेपर्यंत. पण ओठ लाल झाले. मग बोलायला लागले. लहानपणापासून त्यांना मोहिमांवरच जायचं होतं, पण आईने सरकारी नोकरी धरायला लावली. तिघंही त्या खाटांवर झोपलो. चादरी मी धुतल्या नसत्या तर कुणाची छाती होती त्यात झोपायची? एवढं तरी माझं बरोबर होतं.

सकाळी साहेबांनी फाइल उघडली. 'मूळ वस्तू' या रकान्यात लिहिलं: नाहीत. 'ऐतिहासिक काजळी': कालची. डिलेनी खिडकीतून बाहेर बघत उभे होते. मग साहेब पान उलटून थांबले. "एक रकाना आहे," म्हणाले, "इथे हिवाळ्यात कुणी राहतं का? राहत असेल तर निदान माणूस आहे तोवर हे पाडता येत नाही. म्युझियमवाले हा रकाना कधी भरत नाहीत."

डिलेनी खिडकीपासून वळले.

"मी राहतो," डिलेनी म्हणाले.

"कधीपासून?"

डिलेनींनी माझ्याकडे बघितलं. खोटं सांगायचं नाही, एवढं मी डोळ्यांनी दटावलं.

"कालपासून."

साहेबांनी लिहिलं. मार्चमध्ये परत येऊन बघीन, तोवर मुक्काम हलता कामा नये, असं बजावलं. दहा वाजता ट्रॅक्टर आला. साहेब चढताना म्हणाले, ध्रुवाची सवय झालेल्या माणसाला तीन महिने काही जड नाहीत.

२ जानेवारी २०११, रविवार
बी.पी. १३८/८६

परवा मायदेशी निघायचं. बॅगा भरून झाल्या. शर्वाणीच्या कपाटांना हात लावला नाही, हळद जिथे आहे तिथे आहे.

दुपारी डिलेनींचा निरोप घ्यायला गेले. नाताळात पारा उणे पंधरापर्यंत गेला होता, तरी गडी हलला नाही. केदार एक दिवसाआड छाती तपासतो, म्हणतो, कोरड्या उबेने घरघर कमी झालीय. गावातले लोक जेवण आणतात आणि तासतासभर बसतात. चार पाहुणे यायचे तिथे आता बसायला जागा नसते. खोलीत पिटाचा वास, टेबलावर पेपर, अंड्याची टरफलं, दाराजवळ चिखलाचे बूट. मी हात पदरात धरून उभी राहिले.

"बसा, मेट्रन."

आचाऱ्याच्या खाटेवर बसले. चहा झाला. त्यांनी विचारलं, परत कधी येणार. मी म्हटलं, व्हिसा मिळाला तर पुढच्या वर्षी. वयाचं कोण सांगणार, हे दोघांनीही म्हटलं नाही. ते म्हणाले, "मार्चपर्यंत तरी थांबायला हवं होतं." मला जायचं नव्हतं. हे मी केदारला सांगितलेलं नाही, इथे लिहिते.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी उठले. बसले होते तिथे चादरीला घड्या पडल्या होत्या, मधोमध खळगा. छत्तीस वर्षांची सवय, हात आपोआप चादरीकडे गेला.

"राहू द्या," डिलेनी म्हणाले. त्यांनी टोपी काढली होती. "ते आहे तसंच राहू द्या."

मी चादर तशीच ठेवली आणि दार ओढून घेतलं.